आयुष्य पैशापेक्षा लांब निघालं तर

माझी आत्या ९१ वर्षांची होऊन गेली. यजमान गेले तेव्हा ती ६४ वर्षांची होती. त्यांचा फंड आणि ग्रॅच्युइटी बँकेत मुदत ठेवीत होती आणि व्याजावर तिचं नीट चाललं होतं. मुद्दलाला हात लावायचा नाही हा तिचा नेम. पुढे व्याजदर उतरत गेले आणि भाव चढत गेले. ७६ व्या वर्षी तिने पहिली ठेव मोडली, ८४ व्या वर्षी शेवटची. नंतर आम्ही भाचरं दर महिन्याला पैसे पाठवत होतो, आनंदाने पाठवत होतो. पण रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट दुप्पट दिवस पुरतंय हे एकदा लक्षात आलं, तेव्हा कळलं की ती गोळी अर्धी मोडून घेत होती. आमच्यावर भार नको म्हणून.

आत्याने उधळपट्टी केली नव्हती. ती फक्त खूप जगली. आपण लवकर मरण्याचा विमा काढतो, आजारपणाचा काढतो, गाडीचाही काढतो. खूप जगण्याचाही विमा असतो हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तो विकणाऱ्याने त्यातला विमाच काढून टाकून तिला दिला असता. आपल्याकडे बहुतेकांना तो तसाच विकला जातो. म्हणून हा लेख लिहितो आहे.

पायरी १: वहीत दोन रकाने आखा

गेल्या सहा महिन्यांचं बँक पासबुक समोर घ्या. पहिल्या रकान्यात ज्याशिवाय घर चालत नाही असा खर्च लिहा: किराणा, दूध, गॅस, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स किंवा घरपट्टी, औषधं, घरकामाच्या मावशींचा पगार, आरोग्यविम्याचा हप्ता, फोन. दुसऱ्या रकान्यात बाकीचं: प्रवास, नातवंडांचे वाढदिवस, लग्नकार्यातले आहेर, देणग्या. हप्ता वर्षातून एकदा जात असला तरी बाराने भागून लिहा, नाहीतर तो हमखास निसटतो.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एक जोडपं धरू. नवरा ६२, बायको ५८. खासगी नोकरीतून निवृत्ती, हाती ६० लाख. महिन्याचा खर्च ४०,००० रुपये, त्यातला २६,००० पहिल्या रकान्यातला. घर स्वतःचं.

पायरी २: किती वर्षं पुरवायचं ते ठरवा

भारतात साठीला पोचलेला माणूस सरासरीने आणखी साधारण १८ वर्षं जगतो. पण सरासरीवर बेत आखायचा नसतो. निम्मी माणसं त्यापुढे जातात, आणि जोडप्यातला एक तरी बराच पुढे जाण्याची शक्यता कुठल्याही एकट्या माणसापेक्षा जास्त असते. म्हणून दोघांतल्या लहानाचं वय घ्या आणि ते ९५ होईपर्यंत मोजा. आपल्या जोडप्यात बायको ५८ ची, म्हणजे ३७ वर्षं. आपल्याकडे बायको बहुधा वयाने लहान असते आणि बायका जगतातही जास्त, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक घरांत शेवटी विधवेचा प्रश्न होतो. नवऱ्याने एकट्याने बसून करायचा हा हिशेब नाही.

आता ६० लाख किती पुरतात ते पाहू. ठेवींवर ७ टक्के मिळतात आणि महागाई ६ टक्के आहे असं धरा. पहिल्या वर्षी ४ लाख ८० हजार काढले आणि पुढे दरवर्षी महागाईइतके वाढवत नेले, तर पैसे १३ वर्षांत संपतात. नवरा तेव्हा ७५ चा असतो आणि बायको ७१ ची. तोवर तोच ४०,००० चा संसार महिन्याला ८५,००० मागत असतो. हा आकडा पहिल्यांदा काढतो तेव्हा प्रत्येकजण पुन्हा तपासून पाहतो. मीही पाहिला होता.

पायरी ३: मरेपर्यंत येणारं उत्पन्न आधीच किती आहे?

सरकारी जुनी पेन्शन असेल तर तुमचा बराचसा विमा काढलेलाच आहे. केंद्र सरकारची पेन्शन ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के वाढते. लांब आयुष्याची जोखीम ओळखून केलेली ही तरतूद आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी आपापल्या योजनेची कागदपत्रं नीट वाचावीत.

खासगी नोकरीत ईपीएफसोबत ईपीएस-९५ ही कर्मचारी पेन्शन योजना असते. दहा वर्षं सेवा झाली असेल तर पेन्शन मिळते. सूत्र साधं आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० असल्याने बहुतेकांना दोन-तीन-चार हजारच मिळतात, आणि ते महागाईबरोबर वाढत नाहीत. तरी ती मरेपर्यंत येते आणि मागे जोडीदाराला निम्मी मिळते, म्हणून तिला कमी लेखू नका. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: ५८ ऐवजी ६० पर्यंत थांबलात तर दरवर्षी ४ टक्के वाढीव पेन्शन मिळते. उलट ५० नंतर लवकर सुरू केली तर दर वर्षामागे ४ टक्के कापली जाते, आणि ती कपात जन्मभराची असते. नोकरी सुटली म्हणून घाईने लवकरची पेन्शन घेणारे पाहिले की वाईट वाटतं.

आपल्या जोडप्याला ईपीएसचे ४,००० मिळतात असं धरू. पहिल्या रकान्याचे २६,००० वजा ४,०००. तूट २२,००० ची.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टाची मासिक योजना, बँकेच्या ठेवी या मरेपर्यंतच्या उत्पन्नात धरू नका. त्या चांगल्या आहेत, पण त्यांना मुदत असते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर २०१५ च्या सुमारास ९.३ टक्के मिळत होते, २०२० मध्ये ७.४ टक्के झाले, २०२३ च्या एप्रिलपासून ८.२ टक्के. दर पाच वर्षांनी तुम्ही त्या वेळच्या दराच्या हवाली होता.

पायरी ४: हा विमा कसा चालतो ते समजून घ्या

याचं नाव ॲन्युइटी. पेशवाईत विद्वानांना आणि देवस्थानांना वर्षासन बांधून देत. वर्षासन हा शब्द इथे चपखल बसतो, पण आता विमा कंपनीच्या कागदावर ‘वार्षिकी’ किंवा ‘ॲन्युइटी’च दिसेल. तुम्ही एकरकमी पैसे देता, कंपनी तुम्ही जगाल तोवर ठरलेली रक्कम देत राहते. वैद्यकीय तपासणी लागत नाही.

याचं मर्म समजायला भिशी डोळ्यांसमोर आणा. साठीच्या १०० जणांनी प्रत्येकी एक लाख टाकले, एक कोटी झाले. ७ टक्के व्याज धरलं तर वर्षअखेर १ कोटी ७ लाख. अट अशी की वाटा फक्त हयात असलेल्यांना. वर्षभरात एक जण गेला तर ९९ जणांना प्रत्येकी १,०८,०८० रुपये येतात. व्याज ७ टक्क्यांचं, हाती पडले ८ टक्के. हीच भिशी पंचाहत्तरीच्या १०० जणांची असेल आणि वर्षात चार जण गेले, तर ९६ जणांत वाटून १,११,४५८ येतात. हाती साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. जोखीम न वाढवता एवढा परतावा बँक किंवा पोस्ट देऊ शकत नाही, कारण त्यांच्याकडे ही अटच नसते.

लवकर गेलेल्यांचा वाटा जास्त जगणाऱ्यांना मिळतो, आणि हाच लांब आयुष्याचा विमा. ऐकायला काहींना ते कठोर वाटतं. मला ते मुदतविम्याइतकंच स्वच्छ वाटतं. मुदतविम्यात जगणाऱ्यांचे हप्ते मेलेल्यांच्या घरी जातात, इथे उलट होतं. आत्यासारख्या माणसाला कुणाच्या उपकाराशिवाय ९१ पर्यंत जगता यावं, याची एवढी सरळ सोय मला दुसरी माहीत नाही.

वयाप्रमाणे किंमत बदलली पाहिजे हे आज उघड वाटतं, पण इंग्लंडचं सरकार सतराव्या शतकात सर्व वयांना एकाच भावाने वर्षासनं विकत होतं. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅलेने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन प्रत्येक वयाला आयुष्यभराच्या वर्षासनाची किंमत काय असावी ते मांडलं. आजच्या विमा कंपन्यांचे तक्ते त्याच वाटेचे.

पायरी ५: पर्याय निवडा, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एलआयसीच्या जीवन अक्षय-७ मध्ये ‘ए’ ते ‘जे’ असे दहा पर्याय आहेत. बाकी कंपन्यांचेही थोडेफार असेच. ते चार घराण्यांत बसतात: एकट्याच्या आयुष्यभर, दोघांतला शेवटचा जाईपर्यंत, दरवर्षी थोडी वाढणारी, आणि शेवटी मुद्दल वारसाला परत करणारी.

एजंट किंवा बँकेतला अधिकारी शंभरात नव्वद वेळा मुद्दल परतीचा पर्याय पुढे करतो, कारण तो विकायला सोपा. ‘साहेब, जन्मभर पेन्शन आणि पैसे मुलांना परत’ हे वाक्य ऐकून कोण नाही म्हणेल? आता पुन्हा भिशीकडे बघा. मुद्दल परत मिळणार म्हटल्यावर गेलेल्याचा वाटा त्याच्या वारसाला जातो, राहिलेल्यांना काही मिळत नाही. भिशीच मोडली. कंपनी तुम्हाला जवळपास तुमच्याच पैशांचं व्याज देते. समजा ६५ व्या वर्षी दहा लाखांवर साध्या आयुष्यभराच्या पर्यायात वर्षाला ८८,००० मिळतात आणि मुद्दल परतीत ६७,०००. (आकडे नमुन्याचे, दर कंपनीगणिक आणि महिन्यागणिक बदलतात, पण फरक याच घरातला असतो.) दरवर्षीचे २१,००० तुम्ही मुलांना दहा लाख मिळावेत म्हणून सोडता. मुलांना द्यायचंच असेल तर तेवढी रक्कम वेगळी ठेवा. या पर्यायाचा एक खरा उपयोग आहे: आजचा व्याजदर जन्मभरासाठी बांधला जातो. पण लांब आयुष्याचा विमा म्हणून तो फार दुबळा आहे. सरल पेन्शन ही विमा नियामकाने २०२१ पासून सर्व कंपन्यांना सारखी करून दिलेली योजना वाचायला सोपी आहे, पण तिच्यातले दोन्ही पर्याय मुद्दल परतीचेच आहेत, हे लक्षात असू द्या.

जोडप्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: दोघांतला शेवटचा जाईपर्यंत, शंभर टक्के चालू राहणारी, मुद्दल परत न करणारी. एक जण गेल्यावर ५० टक्क्यांवर येणारा पर्याय थोडे जास्त देतो म्हणून मोह होतो. पण नवरा गेल्यावर घरपट्टी, वीज, औषधं, मावशींचा पगार निम्मा होत नाही. पहिल्या रकान्यावर बोट ठेवून बघा, त्यातला किती खर्च एका माणसाचा आहे.

जोडीदार नसेल तर? जीवन अक्षयमध्ये सख्खी भावंडं किंवा आई-मुलगी असेही दोन नावांचे करार होतात. अविवाहित दोन बहिणी एकत्र राहत असतील, किंवा मागे दिव्यांग मूल राहणार असेल, तर याचा विचार जरूर करा.

वाढणाऱ्या पर्यायाबद्दल भ्रम नको. त्यातले वर्षाचे ३ टक्के सरळ व्याजासारखे आहेत, चक्रवाढ नाहीत. २०,००० पासून सुरू झालं तर वीस वर्षांनी ३२,००० होतात. ६ टक्के महागाईने त्याच सामानाला तेव्हा ६४,००० लागतात. महागाईला जोडलेली ॲन्युइटी आपल्याकडे सामान्य माणसाला मिळत नाही, त्यामुळे महागाईचं उत्तर पुढच्या पायरीत शोधावं लागतं.

एखाद्याला गंभीर आजार असेल आणि जोडीदार नसेल, तर त्याने ही खरेदी करूच नये. भिशीत तो दुसऱ्यांसाठी पैसे टाकेल.

पायरी ६: एकदम नको, तुकड्यांत घ्या

तीन कारणं आहेत. वय वाढतं तसा भिशीचा वाटा वाढतो. एकाच दिवशीच्या व्याजदरावर सगळं आयुष्य टांगलं जात नाही. आणि प्रत्येक नवा तुकडा तोवर वाढलेल्या महागाईची तूट भरून काढतो. शिवाय मुद्दल परत न करणारी ॲन्युइटी मोडता येत नाही. गेलेले पैसे गेले, अडीअडचणीला मिळणार नाहीत. म्हणून एकूण पुंजीच्या निम्म्याहून जास्त यात घालू नका.

आपल्या जोडप्याची आखणी अशी होऊ शकते. ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ही एका व्यक्तीची कमाल मर्यादा. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५००. १२ लाखांची दोघांची ॲन्युइटी, साडेसात टक्के धरून महिन्याला ७,५००. ईपीएसचे ४,०००. बेरीज ३२,०००, म्हणजे पहिला रकाना भरून वर थोडे उरले. राहिलेल्या १८ लाखांपैकी पाच बँकेत, आजारपणाला हाताशी. तेरा लाख म्युच्युअल फंडात, ज्यात शेअरचा भाग असेल, कारण पुढची वीस-तीस वर्षं महागाईशी झुंजायचं तर काही पैसा वाढता असावा लागतो. दुसऱ्या रकान्याचा तुटवडा यातून काढायचा. शेअरबाजार पडलेल्या वर्षी दुसरा रकाना आखडता घ्यायचा, पहिल्याला धक्का लागत नाही.

पाच वर्षांनी बचत योजनेची मुदत संपेल तेव्हा नवरा ६७ चा असेल. त्यातल्या दहा-बारा लाखांचा दुसरा तुकडा घ्यायचा, बाकीचे पुन्हा त्याच योजनेत ठेवायचे. बाहत्तरीच्या आसपास तिसरा. हे वेळापत्रक आजच कागदावर लिहून ठेवा. सत्तरीनंतर असे निर्णय घ्यायला मन धजत नाही.

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं खातं असेल तर ही तुकड्यांची सोय आयती मिळते. बिगर-सरकारी खातेदाराला पूर्वी किमान ४० टक्के निधीची ॲन्युइटी घ्यावीच लागे. डिसेंबर २०२५ मध्ये पीएफआरडीए या पेन्शन नियामकाने १२ लाखांवरच्या निधीसाठी ही अट २० टक्क्यांवर आणली. सरकारी कर्मचाऱ्यांना ४० टक्के कायम आहे. खातं ८५ पर्यंत चालू ठेवता येतं. सक्ती कमी झाल्याचा अनेकांना आनंद झाला, तो मी समजू शकतो. पण त्या सक्तीने जे काम नकळत होत होतं, ते आता तुम्हाला स्वतः करायचं आहे.

कराचं थोडक्यात: ॲन्युइटीची पूर्ण रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते. पण २०२५-२६ पासून नव्या कररचनेत पेन्शन-व्याजासारख्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे बहुतेक निवृत्तांना याची धास्ती नको.

पायरी ७: सही करण्याआधी

तीन-चार कंपन्यांचे दर, तेच वय, तोच पर्याय, तीच रक्कम घालून एकाच दिवशी काढा. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर गणकयंत्रं असतात. पेन्शन वर्षातून एकदा घेतली तर मासिकपेक्षा थोडी जास्त मिळते. कंपनी तीस-पस्तीस वर्षं टिकायला हवी, म्हणून मोठे तुकडे दोन कंपन्यांत विभागा. एलआयसीच्या पॉलिसींना १९५६ च्या कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे केंद्र सरकारची हमी आहे. बँकेतल्या ठेवींचं संरक्षण एका बँकेत पाच लाखांपुरतं असतं, हेही सोबत आठवा.

आत्याला ७१ व्या वर्षी एका बँकेच्या काउंटरवर ‘पेन्शन प्लॅन’ म्हणून दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी दिली होती. तिसरा हप्ता तिला भरता आला नाही. म्हणून कागदावर दोन गोष्टी शोधा: पैसे एकदाच भरायचे आहेत का, आणि पेन्शन कोणत्या तारखेपासून. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत परत करता येते. तो महिना कपाटात जाऊ देऊ नका. घरातल्या कुणा वाचणाऱ्याला बसवून प्रत्येक पान मोठ्याने वाचून घ्या.

पायरी ८: घर शेवटचं राखून ठेवा

महाराष्ट्रात राहतं घर मुलामुलींच्या नावे बक्षीसपत्राने करायला मुद्रांक शुल्क नाममात्र, २०० रुपये आहे. त्यामुळे ‘करून टाका बाबा’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. करू नका. मृत्युपत्र करा. घर नावावर असेल तर पुंजी आटल्यावरही मोठं घर विकून लहान घेता येतं, एखादी खोली भाड्याने देता येते. साठी ओलांडलेल्यांना रिव्हर्स मॉर्गेजही करता येतं: बँक ठरावीक वर्षं दरमहा पैसे देते, दोघं हयात आहेत तोवर घर सोडावं लागत नाही आणि कर्ज नंतर घरातून फिटतं. बँका ते उत्साहाने देत नाहीत, चार ठिकाणी विचारावं लागतं. बक्षीसपत्र होऊन गेलं असेल आणि त्यात सांभाळण्याची अट असूनही कुणी सांभाळत नसेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते रद्द करून घेता येतं.

आजारपणाची तजवीज वेगळीच हवी, नाहीतर एका ऑपरेशनमध्ये हा सगळा बेत कोसळतो. ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. कार्ड काढलं नसेल तर या आठवड्यात काढा.

पायरी ९: एक फाइल, दोघांना माहीत असलेली

पॉलिसीची प्रत, ईपीएसचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), बचत योजनेचं पासबुक, नामनिर्देशनं आणि मृत्युपत्र कुठे आहे त्याची चिठ्ठी. पेन्शन येते ते बँक खातं दोघांच्या नावे असू द्या. सरकारी पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला, ईपीएससाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० वरच्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सोयीने तो आधार लावून घरबसल्याही होतो, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही. ॲन्युइटी देणाऱ्या कंपनीचा दाखला वेगळा असू शकतो, त्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. आणि ती फाइल उघडून बायकोला एकदा सगळं स्वतःच्या हाताने करू द्या: दाखला भरणं, खात्यात रक्कम आली का ते पाहणं, कंपनीच्या कार्यालयात फोन करणं. नवऱ्याने शेजारी बसून फक्त बघावं.